शेंदराखालची कुऱ्हाड

मी एकदा कुऱ्हाडीला देव समजले. नुसती समजले नाही, मीच तिला देव केलं. शेंदूर फासला, तिच्यापुढं घुमले, आणि पुढं काही वर्षांनी त्याच देवानं माझ्या जावेचं डोकं फुटलं. देवानं फुटलं असं म्हणायची आपली पद्धत. फोडलं मीच.

त्या वेळची मी आज समोर आली तर आधी तिच्या दोन मुस्काटात देईन आणि मग पोट धरून हसेन. गव्हाळ रंग, कंबरेपर्यंत केस, आणि डोक्यात काय होतं ते देवच जाणे. तोही मीच बनवलेला, म्हणजे त्यालाही माहीत नसणार.

आमचं गाव पौड सोडून मुळशीकडं निघालं की डोंगराच्या पोटाशी लागतं. एकाच उन्हाळ्यात आमच्या भावकीत दोन सुना आल्या. एक मी, दुसरी माझ्या चुलत दिराची बायको. दोन्ही घरं एका भिंतीनं जोडलेली, पुढचा ओटा सामाईक, आणि खालची भातखाचरं एका बांधानं जोडलेली. भिंतीत चुलीच्या वर एक भोक होतं. एका घरचा विस्तव विझला की दुसऱ्या घरून इंगळ द्यायचा, तेवढ्यासाठी ठेवलेलं. आमच्या दोघींचा विस्तव मात्र रोजच विझायचा. सासूला वाटायचं, सुना विस्तव मागतायत. आम्ही सासवांची मापं काढत असायचो. माहेर सोडून आल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं ते त्या भोकाशी.

जाऊ माझ्याहून लहान, काटक, तोंडानं कोयता. माझी गंमत तिला कळायची आणि तिची मला. एवढं सांगून ठेवते, कारण पुढं जे गेलं ते हेच गेलं. बांध, हात, कान, डोकं, हे सगळं त्यामानानं भरून आलं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आवणीला आम्ही सगळ्या बाया जावेच्या खाचरात भात लावत होतो. आमच्याकडं आज त्यांचं लावायचं, उद्या आपलं, अशीच आवणी होते. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं, आणि कंबर अशी मोडलेली की सरळ उभं राहायचं म्हटलं तरी आधी देवाला हाक मारावी लागे. सासू बांधावर उभी राहून ओरडत होती, "सरका पुढं! बाळंत झाल्यागत काय कण्हता?"

तेवढ्यात जाऊ किंचाळली. खाली बघते तर तिच्या पायाभोवतीचं गढूळ पाणी लाल होत चाललेलं. तिला बांधावर ओढलं. तळवा टाचेपासून बोटांपर्यंत उघडा पडलेला, आतलं पांढरं दिसत होतं. सासूनं हळद दाबली, लुगड्याची चिंधी फाडून करकचून बांधली, आणि जाऊ तिला ज्या शिव्या देत होती त्या ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी चिखलात हात घालून कापणारी वस्तू शोधली. मला वाटलं काच असेल. निघाला दगड. काळा, हातात मावेल एवढा, बैलाच्या जिभेच्या आकाराचा. एक टोक गोल आणि दुसरं टोक चपटं होत होत धारेला आलेलं. अंग असं गुळगुळीत की कुणी घासून पुसून ठेवल्यासारखं. नदीतले गोटे आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. नदी गोटा घासते, पण धार लावत नाही. एवढी अक्कल तेव्हा आली असती तर हे लिहायची पाळी आली नसती.

भावकीतले एक म्हातारे औत थांबवून आले. दगड हातात न घेताच म्हणाले, "ह्ये साधं न्हाई. रगत घेऊन वर आलंय. ह्याला बसवाया लागंल."

सगळ्या बायांचे हात थांबले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्यात ज्या बाईच्या अंगात येतं तिला त्या दिवशी चिखलात उतरवत नाहीत.

मग मी अंगात आणलं.

केस मोकळे सोडायला गेले तर अंबाडा सुटेना. आकडा कुठं अडकलाय ते सापडेना. देव बिचारा ताटकळला. शेवटी केस उपटूनच काढले आणि घुमायला लागले. हुं, हुं, हुं. आपण वाघिणीसारख्या दिसतोय असं मला वाटत होतं. सासूनं हात जोडले तेव्हा तर मला इतकी गुदगुली झाली की हसू लपवायला मी चिखलात तोंड घातलं. ती भक्ती समजली गेली. मान फिरवताना जाऊ दिसली, पाय धरून बसलेली. मी तिला डोळा मारला. ती वेदनेनं कळवळत होती, तरी तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"देवा, कुटं बसायचं सांग," म्हातारे म्हणाले.

दर वर्षी राखण द्यायला त्या जागी बसावं लागणार, तर निदान सावली असावी, एवढाच विचार मी केला. सावली होती करंजाखाली. करंज होता आमच्या बांधाच्या पलीकडं, जावेच्या खाचराच्या कडेला. मी हात लांब करून करंज दाखवला आणि बेशुद्ध पडले. ते मात्र मला फार सुरेख जमलं.

त्या दिवशी मी घरी झोपून होते. संध्याकाळी भिंतीच्या भोकातून आवाज आला, "देवा, वाईच इंगळ दे की."

"झालं का तुझं?"

"तू घुमत हुतीस का शेळीच्या घशात कायतरी अडकलं हुतं?"

आम्ही दोघी आपापल्या बाजूला तोंडात पदर कोंबून हसलो. तिचा पाय ठणकत होता, तरी हसली. पुढं कितीतरी दिवस ती मला देवा म्हणायची.

मग दर वर्षी करंजाखाली राखण सुरू झाली. राखण म्हणजे शेताच्या राखणदाराला कोंबडं. नवरा कोयत्यानं एका घावात मान उडवायचा आणि धड सोडून द्यायचा. ते बिनडोक्याचं धड पंख फडफडवत बांधावरून पळायचं, रक्ताची पिचकारी कधी लुगड्यावर, कधी पोरांच्या तोंडावर. एका वर्षी ते धड थेट माझ्या ओच्यात येऊन पडलं, तिथंच पाय झाडत मेलं. बाया म्हणाल्या, बघा, देवाला आपलं माणूस कळतं. रक्त दगडावर ओतायचं, वर शेंदूर. थरावर थर बसत गेले आणि दगड फुगून वीतभर झाला. धार आत दडली. मला देवाची बाई म्हणून काळीज मिळायचं. मी ते ऐटीत खायची. वर्षाला एकदा घुमणंही आलंच. खोटं इतक्यांदा नाचल्यावर पायांना ते खरं वाटायला लागलं, आणि पाय सांगतील ते डोकं ऐकू लागलं. कोंबड्याच्या मानेवर कोयता पडला की माझ्या अंगावर खरोखर काटा यायचा.

इकडं बांध सरकत होता. देव माझ्या अंगात आला, म्हणजे देव आमचा. देव आमचा, म्हणजे देवापर्यंतची जागा आमची. हा हिशेब माझ्या नवऱ्याचा. दर पावसाळ्यात बांध दुरुस्त करताना तो पलीकडं चार कुदळी जास्त मारायचा. चुलत दीर अलीकडं मारायचा. त्यांनी एकमेकांकडं बघून मारलेल्या कुदळी मी पाहिल्यात. तशी कुदळ मातीला मारत नाहीत.

एकदा भोकातून जाऊ म्हणाली. आवाजात हसू नव्हतं. "देव तुजा, पर जागा माजी हाय. तू सोंग केलंस त्ये मी आजवर कुनाला बोलले न्हाई. तुज्या मालकाला तूच सांग. मला बोलायला लावू नगंस."

यावर मी काय म्हणाले असेन? नवऱ्याला जाऊन खरं सांगावं, तो चिडेल, एखादी थप्पड बसेल, संपेल. तर नाही. मी पदर सावरून, मोठ्या गांभीर्यानं म्हणाले, "देवाच्या कामात मी कशी पडू?"

मग इंगळ न घेताच ती गेली.

त्यानंतरच्या आवणीआधी, सकाळी सकाळी, चुलत दिरानं पहारीनं देव उखडला आणि आमच्या खाचरात आणून टाकला. "तुमचा देव तुमाला, माजी जागा मला." पहार आपटल्यानं शेंदराचा फुगा फुटला होता. आतून काळा दगड पुन्हा दिसत होता, धारेसकट.

माझा नवरा कोयता घेऊन धावला. त्याच्यामागं मी, माझ्यामागं सासू, तिच्या ओच्यात फेकायला वेचलेले दगड. पलीकडून दीर काठी घेऊन, त्याच्यामागं जाऊ. आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग शिव्या थांबल्या आणि नुसते श्वास ऐकू यायला लागले. माणसं खरी मारायला उठली की बोलत नाहीत. नवऱ्यानं कोयता उगारला. दिराची काठी त्याच्या मनगटावर अशी बसली की हाड मोडल्याचा आवाज मी बांधावरून ऐकला. कोयता चिखलात गेला, हात कोपराखाली भलतीकडंच लोंबायला लागला. तरी नवरा थांबला नाही. दिराला घेऊन खाली पडला, आणि हातानं जमेना तेव्हा दातांनी त्याचा कान धरला. दीर ओरडत होता, याच्या पाठीत गुडघे मारत होता, दोघं चिखलात लोळत होते, दोघांच्या तोंडाला कुणाचं रक्त कळत नव्हतं. सासू बांधावरून दगड भिरकावत होती. निम्मे दगड स्वतःच्या मुलालाच लागत होते.

मी काय केलं? मी देव उचलला. दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, केस सोडले (या वेळी अंबाडा लगेच सुटला) आणि घुमायला लागले. देवाचा कोप होईल म्हणून ओरडायला लागले. मला खरंच वाटलं की आता पुरुष थांबतील, पाया पडतील. आणि खरंच, दिराचा हात क्षणभर थबकला.

तेव्हा जाऊ ओरडली. "आरं, कसला देव! खोटा हाय! हिनं चिकलातनं सुटायला सोंग केलं हुतं! मला डोळा मारलाय हिनं! सोंगाडी हाय ही, सोंगाडी!"

नवरा थांबला. दीर थांबला. सासूच्या हातात दगड तसाच राहिला. सगळे माझ्याकडं बघत होते. जाऊ माझ्यासमोर, हातभर अंतरावर, आणि खरं बोलत होती.

मी मारला.

आवाज मोठा झाला नाही. भरलेलं मडकं ओट्याच्या कडेला टेकावं, तेवढाच. तिच्या भांगाच्या उजव्या बाजूला कातडी उघडली, आधी पांढरी, मग एकदम रक्त. कपाळावरून डोळ्यांत, नाकावरून तोंडात. तिनं डोळे मिटले नाहीत. रक्त गिळलं आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "नाच की आता."

आणि चिखलात बसली. मग आडवी झाली.

पुरुषांचं भांडण तिथंच संपलं. मोडक्या हाताचा माझा नवरा आणि फाटक्या कानाचा तिचा, दोघांनी मिळून तिला उचललं. रस्त्यापर्यंत नेली, दुधाची जीप थांबवली. मी मागं धावत होते, दगड अजून हातात. तो कुठं ठेवावा तेही मला कळत नव्हतं. शेवटी पदरात गुंडाळून घरी आणला आणि कणगीत भाताखाली पुरला.

ती जगते की नाही हे दोन दिवस कुणी सांगेना. मी चुलीपुढं बसून भिंतीच्या भोकाकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. हवालदार विचारायला आला तर म्हणाली, "बांधावरनं पाय घसारला. दगडावर पडले." माझ्यावर उपकार म्हणून नाही. तिच्या नवऱ्यानंही माझ्या नवऱ्याचा हात मोडला होता. एक आत गेला असता तर सगळेच गेले असते. ती घरी आली त्याच दिवशी पलीकडून माती थापल्याचा आवाज आला. थप, थप, थप. भोक बुजलं.

त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुरुषांचं काय! वर्ष उलटायच्या आत दोघं एकाच टपरीवर चहा प्यायला लागले. पुढं सरकारी मोजणी झाली तर हद्द भलतीकडूनच निघाली, करंजाच्या बुंध्यातून. दोघंही चुकीचे निघाले म्हणून दोघंही खूश. नवऱ्याचा हात वाकडा जुळला. चिडला की तो त्याच वाकड्या हातानं दिराला दाखवायचा, "ह्यो तुजा परसाद." दीर अर्धा कान पुढं करायचा, "आन् ह्यो तुजा." मग हसायचे. आता दोघंही गेले.

आम्ही दोघी बायका मात्र हसलो नाही. ओटा सामाईक, त्यामुळं रोज समोरासमोर. माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ती कोंबडीला सांगायची. "ए कोंबडे, तितं जाऊ नगंस, मान मुरगाळतील. देवाची मानसं हायेत." मी पुरणपोळ्या पाठवल्या, तिनं माझ्यासमोर कुत्र्याला घातल्या. कुत्र्यानं खाल्ल्यावर माझ्याकडं बघून शेपूट हलवली, तर तिनं त्याला लाथ घातली. तिच्या मुलाच्या लग्नात तिनं रांगेतल्या सगळ्या बायांना कुंकू लावलं. माझ्यापाशी आल्यावर बोट पुसून पुढं गेली. मी कपाळ पुढं करून तशीच उभी. फोटोतही तशीच आलेय, मान पुढं काढलेल्या कासवासारखी.

कणगीला वाळवी लागली, प्लास्टिकचा ड्रम आला, आणि दगड उंदीर शिरू नये म्हणून ड्रमच्या झाकणावर गेला. माझ्या देवाची नोकरी अशी उतरत गेली.

यंदा भात झोडून झाल्यावर पुण्याच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या. पायात बूट, पाठीवर पिशवी. पिरंगुटवरून बस धरून आल्या होत्या आणि आमच्या खाचरांतून खाली मान घालून फिरत होत्या. उन्हानं दमून आमच्या ओट्यावर टेकल्या. मी पाणी दिलं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ वाल सोलत होती, माझ्याकडं पाठ करून, रोजच्यासारखी.

बाईंनी पिशवीतून गारगोटीच्या चिपा काढल्या. लाल, पांढऱ्या, ब्लेडसारख्या. "ही माणसांनी मुद्दाम फोडलेली पाती आहेत, आजी. फार फार जुनी. लोखंड यायच्या आधीची. तुमच्याकडं असलं कधी काही सापडलं का? मोठं?" आणि मोबाइलवर एक चित्र दाखवलं.

काळं. बैलाच्या जिभेच्या आकाराचं.

वाल सोलण्याचा आवाज थांबला. मी आत गेले, ड्रमवरचा दगड आणून बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो असा धरला जसं तान्हं मूल धरावं.

"आजी, ही कुऱ्हाड आहे!" त्यांचे डोळे भरून आले होते. "कुणीतरी महिनोन् महिने घासून केलेली. हे गोल टोक लाकडी दांड्यात बसवायचे, वादीनं आवळायचे."

"आणि काय करायचे?" मी भोळेपणानं विचारलं. भोळेपणा मला या वयातही चांगला जमतो.

"झाडं तोडायचे. जमीन साफ करायचे. आणि भांडणं झाली तर..." त्यांनी हात हलवला. "माणसांना तेव्हाही जमिनीचं वेड असणारच की. डोक्याची हाडं फुटलेली सापडतात कधीकधी." मग धारेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "आश्चर्य आहे. अजून चालेल अशी धार. हिचा शेवटचा घाव कधी पडला असेल, कल्पनाच करवत नाही. हजारो वर्षं झाली असतील."

गप्प बसायला मला इतका त्रास कधी झाला नव्हता.

ओट्याच्या त्या टोकाकडून फुर्र असा आवाज आला. आधी वाटलं म्हैस असेल.

"ही नक्की कुठं सापडली?" बाईंनी विचारलं.

"त्यांना विचारा," मी जावेकडं बोट दाखवलं. "पहिल्यांदा त्यांना सापडली."

जाऊ वळली. वालाची पाटी बाजूला सारली, सरकत सरकत आमच्यापाशी आली आणि उजवा पाय सरळ बाईंच्या मांडीपुढं धरला. टाचेपासून बोटांपर्यंत पांढरी रेघ. बाई म्हणाल्या, "अरे बापरे." तेवढ्यानं झालं नाही. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला, पांढरे केस बोटांनी दुभंगले आणि डोकं खाली केलं. भांगाच्या उजवीकडं कुऱ्हाडीच्या तोंडाएवढाच चट्टा, तिथं केस उगवलेच नाहीत. बाई एकदा डोक्याकडं बघत, एकदा हातातल्या दगडाकडं, एकदा माझ्याकडं.

जावेनं त्यांच्या हातातून कुऱ्हाड घेतली. फटींत अजून शेंदूर होता. तो नखानं खरवडला. धारेवरून अंगठा फिरवला, मांडीवर ठेवून तिचं वजन बघितलं. मग मान वर केली आणि भोक बुजल्यापासून पहिल्यांदा थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. ओठाचा कोपरा हलला.

"तरीच म्हनलं! देव असता तर नेम चुकला असता गं तुजा. कुऱ्हाड हाय, म्हनून बरुबर बसली."